प्राचीच्या वाट्याच्या बरगड्या

असं समज, तू आणि मी तळेघरला एसटीतून उतरलो आहोत. पुढे गाडी जात नाही, तेव्हा चालायचं. पाण्याची बाटली तुझ्याकडे असू दे, पिशवी मी घेतो. भाताची खाचरं कापणी होऊन कधीच कोरडी पडली आहेत. त्यांच्या बांधावरून पाऊलवाट जाते. डाव्या हाताला हिरड्याची झाडं लागतील. वाट वळली की उतारावर घरं दिसतात. मोज बरं. पाच आहेत ना? पाच हा आकडा लक्षात ठेव.

आज धुळवड. काल इथे होळी पेटली होती, तिची राख अजून ऊन आहे. या पाच घरांत मिळून आज एक बोकड कापतात. मटणाचे सारखे वाटे तोलून सकाळीच घरोघर जातात. पण बोकडाच्या दोन्ही बाजूंच्या बरगड्या कुणी तोडत नाही. त्या अख्ख्या ठेवायच्या, मसाला लावून धुरावर सावकाश शिजवायच्या, आणि मगच कापून वाटायच्या. ही या वाडीची जुनी रीत आहे. वाटायचीही एक वेगळी रीत आहे. ती वेळ आली की दाखवतो.

हे पहिलं अंगण हौशीरामआबांचं. सुरीला धार लावतायत ते आबा. त्यांच्यासमोर परात घेऊन बसली आहे ती त्यांची नात, अक्षदा. चौथीत आहे. परातीत धुतलेल्या बरगड्यांची एक अख्खी बाजू आहे, तेरा हाडांची, आणि अक्षदा तिच्याशी झटते आहे.

जवळ ये, ती काय करते आहे बघ. बरगड्यांच्या आतल्या बाजूला एक पातळ, पांढुरका पापुद्रा चिकटलेला असतो. तो काढावा लागतो. राहिला तर मसाला आत मुरत नाही, धूर शिरत नाही, आणि शिजल्यावर तो चामड्यासारखा दाताखाली येतो. आधी चमच्याच्या दांड्याने त्याचं एक टोक सैल करायचं. मग ते टोक कोरड्या फडक्यात धरायचं, कारण नुसत्या हातातून ते निसटतं. मग हळूहळू ओढायचं. घाई केली की फाटतं. आणि हे काम दोघांचं आहे. एकाने बरगड्या घट्ट धरायच्या, दुसऱ्याने ओढायचं.

गेली तीन वर्षं अक्षदा धरायची आणि प्राची ओढायची.

प्राची शेजारच्या घरातली, रामनाथ आणि मंगलची एकुलती एक. अक्षदाच्याच वर्गातली. तिच्या हातून पापुद्रा कधी फाटला नाही. अख्खाच्या अख्खा निघाला की ती तो दोन्ही हातांत ताणून उन्हाकडे धरायची आणि त्यातून बघायची. म्हणायची, "आक्षे, आख्खी वाडी धुक्यात गेली बघ."

गेल्या भातकापणीच्या दिवसांत प्राची वारली. साप चावला होता.

"आबा, निसटतंय," अक्षदा म्हणाली.

"फडकं वलं झालंय. दुसरं घे."

"धरायला कुणी न्हाई."

आबांचा धारेवरचा हात थांबला. ते उठून आले आणि समोर बसले. "हां. मी धरतो. तू वढ."

अक्षदाने ओढलं. आबांचे हात मोठे, त्यांनी धरलं ते जरा जास्तच दाबून. पापुद्रा निम्म्यात आला आणि फाटला. एका टोकाला चार बोटं रुंदीचा तुकडा हाडांना चिकटून राहिला तो राहिलाच.

पाट्यावर लसूण-मिरची वाटणाऱ्या कोंडाबाई हसल्या. वाडीत वयाने त्याच सगळ्यांत मोठ्या. "हौशा, तुला बोकड धरता येतंय, पापुद्रा काय धरता येत न्हाई."

"तुमी मसाल्याकडं बघा, आत्या. गेल्या साली मीठ दोनदा पडलं व्हतं."

"दोनदा न्हाई, एकदाच. तुझी जीभच खारट."

असं यांचं चालायचं. वाटलेला मसाला कोंडाबाईंनी परातीत काढला. त्यात हळद, जाडं मीठ, आमसुलाचं पाणी आणि तेलाची धार घातली. बरगड्यांना तो बाहेरून चोळला, आतून चोळला, हाडांच्या मधल्या खोबणींत बोटाने भरला. बोकडाच्या बरगडीवर चरबी थोडी, म्हणून तेल लागतं, नाहीतर धुराने मांस वाळून जातं. तू कधी घरच्यांबरोबर करशील तेव्हा हे ध्यानात ठेव.

तेवढ्यात रामनाथ खांद्यावरून पत्र्याचं पिंप घेऊन आला. तळाशी लाकडं सारायला कापलेलं तोंड आणि वरती लोखंडी जाळी, असं पिंप त्याने पूर्वीच करून घेतलं होतं. धुराचं काम दरवर्षी त्याच्याच अंगणात व्हायचं. घरातलं माणूस गेलं की वर्षभर त्या घरी सण नसतो, म्हणून यंदा त्याने पिंपच इकडे आणलं.

"आमच्यात यंदा धुळवड न्हाई," तो म्हणाला. "एवढं पिंप घ्या, आबा. जाळी घासलीया."

"बस की जरा."

"न्हाई. वैरण टाकायचीय." जाता जाता त्याने अक्षदाच्या डोक्यावर हात ठेवला. अक्षदाने मान खाली घातली ती तो गेला तरी वर केली नाही.

होळीतले निखारे आणून आबांनी पिंपाच्या तळाशी ठेवले. त्यावर जांभळाची वाळलेली फाटी आणि हिरड्याच्या ढलप्या. ओलं लाकूड घालायचं नाही, त्याने काळा धूर होतो आणि मांस कडू लागतं. ज्वाळाही नको. पांढरा, पातळ धूर सावकाश वर जात राहिला पाहिजे. हे जपायचं काम सावळेरामचं. तो पलीकडच्या घरातला, मनाने चांगला पण उतावळा. त्याने एकदम हातभर फाटी आत कोंबली आणि जाळ भडकला.

कोंडाबाई दरवर्षीप्रमाणे ओरडल्या, "आरं सावळ्या, बरगड्या भाजायच्यात, मढं न्हाई!"

दरवर्षी या बोलण्यावर अंगण हसायचं. यंदा कुणी हसलं नाही. कोंडाबाईंनी मसाल्याचाच हात तोंडावर ठेवला. सावळेरामने गुपचूप दोन फाटी बाहेर ओढली आणि मातीत विझवली.

अक्षदा खालच्या बांधाकडे बघत होती. तिकडे एक बाई वाकून चालली होती. चार पावलं जायची, थांबायची, काठीने गवत बाजूला करायची, पुन्हा चार पावलं. ती प्राचीची आई, मंगल.

"आज बी गेली," सावळेराम हळूच म्हणाला.

"जाऊ दे," आबा म्हणाले. "पाच म्हयने झाले. चपला घावल्या म्हंजी तरी जीव थाऱ्यावर येईल तिचा."

प्राची त्या संध्याकाळी अनवाणी घरी आली होती. तिच्या निळ्या, पांढऱ्या फुलाच्या नव्या चपला पायात नव्हत्या. त्या कुठे राहिल्या हे तिने सांगितलं नाही, आणि मग सांगायला ती उरली नाही. पायात चप्पल असती तर पोर वाचली असती, हे मंगलच्या मनाने घेतलं होतं. रोज ती त्या वाटेने चपला शोधत जायची. अक्षदा भेटली की विचारायची, "आठव की गं बाय. तू व्हतीस तिच्यासंगं. कुठं काढल्या तिनं?" अक्षदा नुसती मान हलवायची.

आता तुला एक गोष्ट सांगतो. त्या अंगणात ती एकट्या अक्षदाला माहीत होती.

त्या संध्याकाळी दोघी गवताचे भारे घेऊन बांधावरून येत होत्या. अक्षदाच्या चपलेचा अंगठा तुटला. तिच्या टाचेला आधीच जखम होती, तिला चालवेना. प्राचीने आपल्या चपला काढून तिच्यापुढे टाकल्या. "घाल. मला सवय हाय." थोडं पुढे गेल्यावर प्राची म्हणाली, "पायाला कायतरी टोचलं." अक्षदा म्हणाली, "काटा असंल. चल लवकर, आई वरडंल." मण्यार चावली तर फारसं दुखत नाही, हे त्या दोघींना कुठलं माहीत असणार? म्हणून सांगतो, रानात काहीही टोचलं तर घरी आल्याबरोबर मोठ्या माणसाला सांगायचं. काटा असेना का, सांगायचं. प्राचीने सांगितलं नाही. जेवायला बसली तेव्हा तिच्या पापण्या मिटायला लागल्या. जीप मिळवून तिला खाली नेईपर्यंत फार उशीर झाला होता.

त्या रात्री अक्षदाने त्या निळ्या चपला घरातल्या भाताच्या कणगीमागे टाकल्या. त्या अजून तिथेच होत्या.

तू म्हणशील, यात अक्षदाची काय चूक? मीही तेच म्हणतो. पण तिला असं म्हणायला आधी ही गोष्ट कुणाला तरी माहीत व्हायला हवी होती ना? पाच महिने ती एकटीच त्या चपलांबरोबर राहत होती.

दुपार कलली. बरगड्यांचा रंग विटेसारखा झाला. शिजल्या की नाही हे कसं ओळखायचं? मांस मागे सरतं आणि हाडांची टोकं बोटाच्या पेराएवढी उघडी पडतात. आबांनी टोकं पाहिली, एक हाड चिमटीत धरून हलवलं, आणि "उतरा" म्हणाले.

आता वाटायची रीत. बरगड्यांच्या पट्ट्या कधी सारख्या होत नाहीत. कुणाला एक हाड जास्त जातं, कुणाला मांसाचा भाग जास्त. म्हणून पट्ट्या पानांवर ओळीने मांडतात. एक मूल त्यांच्याकडे पाठ करून, डोळे झाकून उभं राहतं. मोठं माणूस एका पट्टीवर बोट ठेवून विचारतं, "ह्यो कुणाचा?" मूल मनाला येईल त्या घराचं नाव घेतं. ज्याचं नाव निघालं त्याचा तो वाटा. तोंडातून निघालेलं नाव परत घ्यायचं नाही, आणि वाटा त्या घरी नेऊन द्यायचा तो नाव घेणाऱ्यानेच. असं केलं की कुणी कुणावर रुसत नाही.

हे काम तीन वर्षं अक्षदाकडे होतं.

दोन बाजूंचे पूर्वी पाच वाटे करावे लागायचे. पाच करताना आबांची फार तारांबळ व्हायची. कुठे पाच हाडं, कुठे तीन-तीनचे दोन तुकडे. यंदा घरं चार. आबांनी दोन्ही बाजू मधोमध कापल्या आणि काम झालं. सोपं झालं म्हणून कुणाला बरं वाटलं नाही.

"ये अक्षदा," आबा म्हणाले. "उभी ऱ्हा."

ती पाठ करून उभी राहिली. दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवले. हाताला लसणाचा आणि धुराचा वास होता. मागे कोण उभं आहे ते दिसत नव्हतं. मागच्या वर्षी होतं तसंच सगळं होतं, तोच वास, तेच ऊन पाठीवर.

सावळेरामने विचारलं, "ह्यो कुणाचा?"

"प्राचीचा," अक्षदा म्हणाली.

रामनाथच्या घराला ती नेहमी याच नावाने हाक मारायची. आणि नेहमी पहिलं नाव हेच घ्यायची. तोंडाला सवय होती, ते बोलून गेलं. मग तिला कळलं आपण काय बोललो ते. तिने हात काढले नाहीत. मागे पिंपात लाकूड तडकलं.

"आता?" सावळेराम म्हणाला. "पोरीचं चुकलं, आबा. पुन्ना इचारू का?"

"नाव निघालं ते निघालं," आबा म्हणाले. "आमच्या घरचा वाटा गेला असं समज. बाकीचे तीन तुमी घ्या."

"पर त्यांच्यात सण न्हाई यंदा."

"सण करायचा न्हाई," कोंडाबाई म्हणाल्या, "पन शेजारनं आलेलं खायचं असतं. दुखवट्याच्या घरी ताट आपुनच द्यायचं असतं, सावळ्या. सकाळीच ध्यानात याया पायजे व्हतं माझ्या. पोरीच्या आलं." त्यांनी पदराने नाक पुसलं. "जा बाय. तूच न्यायचं."

अक्षदाने पान उचललं. पट्टीकडे पाहिलं. सहा हाडांची होती, आणि टोकाला तो फाटून राहिलेला पापुद्रा होता, धुराने तपकिरी, कडक झालेला.

ती अंगणाच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली. मग पान तसंच हातात घेऊन परत फिरली आणि घरात शिरली. आबांना वाटलं, घाबरली. ते उठणार तेवढ्यात ती बाहेर आली. एका हातात पान होतं. दुसऱ्या हातात निळ्या चपला, त्यांच्यावर भाताचा कोंडा आणि कोळ्याचं जाळं.

आबांनी त्या ओळखल्या. "अक्षदा," ते एवढंच म्हणाले. तिने ऐकलं, पण ती थांबली नाही.

मंगल बांधावरून नुकतीच परत येऊन ओट्यावर बसली होती. काठी बाजूला होती, पायांना गवताचं कुसळ लागलेलं. अक्षदाने पान ओट्यावर ठेवलं. मग त्याच्या शेजारी चपला ठेवल्या, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे.

"माझी तुटली व्हती," ती म्हणाली. "तिनं मला दिल्या. तिला टोचलं तवा मी काटा म्हनले. मावशी, मी काटा म्हनले."

मंगल चपलांकडे बघत राहिली. मग तिने एक उचलली, पदराने तिच्यावरचा कोंडा पुसला, पांढऱ्या फुलावरून अंगठा फिरवला. बराच वेळ ती तेच करत होती. एकदा वाटलं ती ओरडेल. एकदा वाटलं ती चप्पल फेकून मारेल. अक्षदा तिथेच उभी होती, मारलं तरी चालेल अशी.

"तुला बसल्या का गं?" मंगलने विचारलं. 

"थोड्या मोठ्या व्हत्या."

"म्होरल्या साली पन व्हतील म्हनून मोठ्या घेतल्या व्हत्या." एवढं बोलून तिने दोन्ही चपला पोटाशी धरल्या, आणि आतून जे इतके महिने येत नव्हतं ते आलं. ती रडायला लागली. गोठ्यातून रामनाथ बाहेर आला आणि दारातच उभा राहिला.

मंगलने अक्षदाला जवळ घेतलं नाही. 'तुझी काय चूक' असंही ती म्हणाली नाही. पण 'जा' असंही ती म्हणाली नाही.

अक्षदा काही वेळ उभी राहिली. मग ओट्याच्या कडेला बसली, मंगलपासून हातभर लांब. तिने पान मांडीवर ओढलं. फाटून राहिलेल्या पापुद्र्याचं टोक नखाने सैल केलं आणि फ्रॉकच्या कोरड्या टोकात पकडलं. ओढून पाहिलं, तर अख्खी पट्टीच सरकली. मग तिने पट्टीचं हाडांकडचं टोक मंगलकडे केलं.

"मावशी," ती म्हणाली, "तू धर. मी वढते."

आणि फडक्यासारखं धरलेलं फ्रॉकचं टोक न सोडता ती वाट बघत बसली.